सतरा काठ्या, तीन माणसं

बाळ घाडी चालतो तेव्हा त्याच्या चपलेचा आवाज येत नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या कॉलनीतल्या फुटपाथच्या लाद्या अशा उखडल्यात, की तरणाताठा माणूससुद्धा दोन ठेचा खातो. बाळ त्यावरून मांजरासारखा जातो. वय बहात्तर. दूधकेंद्रावरची बाई त्याला कितीदा म्हणाली असेल, "काका, खोकत तरी येत जा हो."

आणि त्याचं नाक. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून तो समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेले कपडे कुठे हलतात ते बघतो आणि सांगतो, "वारा मिठागरावरनं आहे. बी विंगला बोंबील तळतायत." मी एकदा मुद्दाम जाऊन खात्री करून आलो. बोंबीलच होते. दोन खाऊनही आलो.

हे सगळं त्याला कंपनीत शिकवलं नाही. कंपनीत तो तीस वर्षं फिटर होता, औषधाच्या गोळ्या पाडायच्या मशिनवर. हे आलं रानातून. आम्ही दोघं आंबेरखोलचे, कणकवलीवरनं वर डोंगराच्या अंगाला आमचं गाव. एका शाळेत, एका मास्तरांच्या हाताखाली. शाळेत तो ढ, रानात मी. मी सातवी पास झालो याचं गावाला कौतुक होतं, पण पारधीला जाताना मला कुणी हाक मारायचं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याच चुलत्याची आरोळी ऐकून मी काजूवर चढलो होतो. उतरवायला तिघं लागले. बाळ तेव्हा बारा वर्षांचा, आणि रानाच्या तोंडावर त्याच्या बापाशेजारी उभा होता.

पारध म्हणजे एकट्यानं बंदूक घेऊन हिंडणं नव्हे. शिमग्याच्या दिवसांत अख्खा गाव निघायचा. वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन रानाला तीन बाजूंनी वेढा घालायची, आरोळ्या ठोकत, झुडपं बडवत पुढे सरकायची. त्यांना हाकारे म्हणायचं. चौथ्या बाजूला बंदूकवाला गप्प. बार एकाचा, पण पारध सगळ्यांची. म्हणून वाटेही सारखे. कुत्र्याला वाटा, पोटुशी बाई असेल त्या घरी दोन वाटे. डुक्कर कापायला घेतलं असताना जो कोण त्या जागी आला त्यालाही वाटा. एका साली नेमकी एसटी येऊन थांबली. कंडक्टर खाली उतरून "काय रे चाललंय" म्हणाला आणि वाटा घेऊनच वर चढला. मग ड्रायव्हर रुसला. त्यालाही दिला.

आणि एक रीत आमच्याच गावची. घरचा माणूस मुंबईला गिरणीत असला, तर त्याची काठी दुसऱ्यानं पारधीला न्यायची. काठी रानात फिरली की माणूस फिरला असं धरून त्याच्या घरी वाटा पोचायचा. चांगली रीत होती. म्हातारी आई, बायकापोरं, त्यांच्या ताटात पडायचं. पण झालं असं, की दर साली माणसं कमी आणि काठ्या जास्त. मला आठवतं, शेवटच्या शेवटच्या एका पारधीला माझ्या खांद्यावर सहा काठ्या होत्या आणि हाकारे घालायला तोंड एकच. डुकरांना काय काठ्या मोजता येतात?

पुढे कायद्यानं सगळंच बंद झालं. भेकरं, ससे उरले ते त्यामुळेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाळचीही नाही. बापाची बंदूक शेत राखायच्या परवान्यावर त्याच्या नावावर झाली. ती दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची. निवडणुका इतक्या झाल्या, की बंदूक शेवटी ठाण्यातच राहायला गेली.

गेल्या वर्षी जानेवारीत बाळच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. सुंदराबाई, वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. गावच्या घरी एकटी राहते आणि भात निघालं की त्याच जमिनीत भुईमूग लावते. डुकरांनी लागोपाठ दोन वर्षं भुईमूग मुळासकट उकरला होता. ती म्हणाली, "बाळा, ह्या वर्सापुरता मी शेत राखतंय. ह्यो भुईमूग गेलो, की दार लावन तुझ्याकडे येतंय."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ये की. बाळची सून श्वेता म्हणालीच, "आत्या आल्या तर बरंच आहे, बाबा." मनापासून म्हणाली. पण बाळनं ताईला मुलुंडमध्ये बघितलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली तेव्हा अकरा दिवस राहिली. लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. सकाळी उठून विचारायची, सूर्य खयच्या बाजून येता, आणि समोर बिल्डिंग. अकराव्या दिवशी ती गॅलरीतल्या कुंडीतली माती हातात घेऊन नुसती बसली होती. बाळनं त्या दिवशीच तिकीट काढलं.

"इथे आणली तर ती सहा महिने काढणार नाही, रतन," तो मला म्हणाला. "तिचा भुईमूग वाचला पाहिजे."

सुंदराबाईनं वनखात्यात अर्ज केला होता. फेब्रुवारीत कागद मिळाला. पिकाची नासाडी करणारी डुकरं मारायला मार्चमधले पंधरा दिवस, तेही फक्त तिच्या शेताच्या हद्दीत. परवाना होता, कागद होता. बाळला हवे होते हाकारे. "बारा जण," तो म्हणाला. "दहा असतील तरी चालवू." बोलताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की मी विचारलंच नाही, हे बारा जण आणायचे कुठून. आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या यादीत चाळीस घरं आहेत. सगळी दहिसर ते मुलुंड.

आम्ही दोघं निघालो. पहिले अंधेरीला, चंद्रप्रकाशकडे. लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर, मंडळाचा सेक्रेटरी. त्यानं चहा दिला, कागद नीट वाचला.

"बाळकाका, कागद ओके आहे. पण कोणी व्हिडिओ काढला ना, तर वाट लागली समजा. व्हिडिओत कागद दिसत नाही. डुक्कर दिसतं आणि मी दिसतो."

"तू तोंडाला फडका बांध."

"मग तर दरोडेखोर दिसेन." तो हसला, मग आत जाऊन पडद्याचा जुना दांडा घेऊन आला. "आमची काठी घेऊन जा, काका. वाटा नको."

घाटकोपरला चैतन्यच्या घरी त्याच्या बायकोनं, सपनानं, आधी दार लावून घेतलं, मग बोलली. "आमच्या मजल्यावर चारही घरं शाकाहारी आहेत. मी अंडं उकडते तर कुकरची शिट्टी काढून ठेवते. ह्यांनी वाटा आणला तर मी ठेवू कुठे?" बाळ म्हणाला, वाटा आणायचा नाही, नुसतं यायचं. तेव्हा चैतन्य पायाकडे बघत म्हणाला, "काका, खरं सांगू? मला भीती वाटते. मी डुक्कर फक्त नाल्याकडेला बघितलंय." त्यानंही काठी दिली. छत्री होती, तारा मोडलेली.

असं तीन आठवडे चाललं. कुणाचा गुडघा, कुणाचं क्वार्टर एंडिंग, म्हणजे काय ते मी अजून विचारतोय. एकाची मुलगी प्राणी वाचवायच्या संस्थेत, ती वडिलांशी बोलायची बंद झाली असती. नाही असं कुणीच म्हणालं नाही. सगळे म्हणाले, काठी घेऊन जा. त्यांना रीत पाठ होती, तेवढीच.

बोरिवलीचा प्रीतम तेवढा तयार झाला. अठ्ठावीस वर्षांचा, जिममध्ये शिकवतो, दंड माझ्या मांडीएवढे. "झकास, आपण येणार," म्हणाला. मग विचारलं, "काका, रानात वाट असते ना?"

"वाट असती तर डुक्कर तिथे राहिलं असतं कशाला?" बाळ म्हणाला.

बाळनं एका माणसाला विचारलं नव्हतं. त्याच्या मुलाला, सुबोधला. बँकेत आहे, पंचेचाळिशीचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी सतरा काठ्यांची मोळी त्यांच्या हॉलमध्ये बघून सुबोधच म्हणाला, "बाबा, मला नाही विचारलंत."

"तुला काय येतं त्यातलं?"

"नाही येत. तुम्ही नेलं कधी?" सुबोध शांतपणे बोलत होता. "शिमगा मार्चमध्ये. परीक्षा मार्चमध्ये. पाचवीत म्हणालात, चौथीचा पाया कच्चा आहे, पुढल्या वर्षी नेतो. मग म्हणालात, दहावी होऊ दे. मग बारावी. तुम्ही दर साली एकटे जायचात आणि मी इथे भूमिती करत बसायचो. मला फार यावंसं वाटायचं."

मी तिथेच बसलो होतो आणि मलाही माझी तिन्ही पोरं आठवली. आम्ही कुणीच नेलं नाही. आमच्या पिढीनं पोरांना मुंबईत शिकवलं, आणि शिकवायचं म्हणून रान सोडवलं. त्यात चूक काय ते मला सांगता येत नाही. माझी नात गंधाली आज वकील आहे. पण मार्च महिना एकच असतो, आणि तो आम्ही दर साली परीक्षेला दिला.

"आता येतोस?" बाळनं विचारलं.

"आता मार्चमध्ये बँक सोडत नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चेकनाक्यावर मंडळाची गाडी उभी होती. बारा जणांची. आम्ही आठपर्यंत थांबलो. आलो तिघं: बाळ, मी आणि पाठीवर पिशवी घेतलेला प्रीतम. ड्रायव्हरनं काठ्यांकडे बघून विचारलं, "काका, मंडप घालायचाय का?"

आंबेरखोलला पोचलो तेव्हा सुंदराबाई पडवीत उभी होती. गाडीतून पहिला मी उतरलो, मग प्रीतम, मग बाळ. ती आणखी थोडा वेळ गाडीच्या दाराकडे बघत राहिली.

"बाकीचे खय?"

"एवढेच, ताय."

"मी बारा जणांचा पीठ काढलंय." मग ती प्रीतमकडे वळली. "तू चार जणांच्या भाकऱ्या खातलंस काय रे?" तो म्हणाला, आजी, मी रात्री भाकरी-चपाती घेत नाही. तिनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाळ आम्हाला शेतावर घेऊन गेला. जवळपास तिसरा हिस्सा उकरलेला होता. बाळ वाकून माग वाचत होता, आणि तो चाळीस वर्षांनी लहान झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. "सात आहेत. दोन माद्या, चार पिल्लं आणि मागनं एक मोठा नर, एकटा चालतो. हे करवंदीतनं येतात, वहाळाच्या पाण्याकडनं जातात." त्यानं प्रीतमला उभं राहायची जागा दाखवली, मला दाखवली. मग तिसरी जागा दाखवायला हात वर केला आणि हात तसाच राहिला. तिथे उभं राहायला कुणी नव्हतं. चौथ्या जागी नव्हतं, पाचव्या नव्हतं.

तो बांधावर बसला.

"काका, मी दोन जागा सांभाळतो," प्रीतम म्हणाला. "पळायला मी फास्ट आहे."

"डुक्कर तुझ्याहून फास्ट आहे." बाळनं त्याच्याकडे बघितलं. "माझ्या बापाच्या वेळी एक हाकारा विडी पेटवायला रांगेतनं बाजूला झाला. एकच माणूस. तेवढ्या फटीतनं जखमी नर मागे फिरला आणि बापाची मांडी गुडघ्यापर्यंत उघडी केली. तेव्हा रांगेत तेवीस जण होते. मी तिघांवर रान काढलं, आणि तुला काही झालं, तर बोरिवलीला तुझ्या आईसमोर कसा उभा राहू?" तो उठला. "पारध नाही."

एवढी इच्छा असलेला माणूस, आणि त्यानंच नाही म्हटलं. बंदूक आणायला आम्ही ठाण्यात गेलोच नाही.

मग आम्ही ताईला सांगायला घरी आलो. ती चुलीपुढे बसली होती. "जमत नाय, ताय," एवढंच म्हणाला. वर पुढचंही बोलला, "बोचकं बांध. आमच्याबरोबर चल."

ती भाकरी उलटून झाल्यावर बोलली. "माका न्हाव्याकडचे केस दी."

आम्हाला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. पण ती नीट सांगत होती. पलीकडच्या गावात बांधावर माणसांचे केस पसरतात. डुक्कर जमीन हुंगत येतं, केस नाकात जातात, माणसाचा वास येतो, ते मागे फिरतं. कुणी म्हणतं चालतं, कुणी म्हणतं नाही, पण तिला करून बघायचं होतं.

"मगे इथल्या न्हाव्याकडे मागूचे," बाळ म्हणाला.

"बाजारात न्हावी एक. वाडीत डोकी सात, त्यातली दोन टकली. केस खयसून येतले? डोकी सगळी तुमच्या मुंबैक."

"ह्या आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तू बंदुकीचा नाव घेतलंस, तेव्हा फोनवर तुझो आवाज विसाच्या पोरासारखो झालो," ती म्हणाली. "मी कशाक मोडू?"

मुलुंडला परत आल्यावर बाळनं रिकामी खताची पोती धुऊन वाळवली आणि सलूनं गाठायला सुरुवात केली. आणि इथे एक गंमत झाली, जी फक्त आमच्यातच होऊ शकते. घाडी हे आडनाव. कोकणात घाडी म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा, भुतंखेतं बांधणारा. आणि केस म्हणजे करणीचा ऐवज. पहिल्या सलूनचा मालक आझमगडचा, तो बिचारा द्यायला तयार होता. पण खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक निघालं देवगडचं.

"नाव काय म्हणालात काका? घाडी?" तो अर्ध्या दाढीचा उठला. "माझे केस वेगळे काढ रे. मी घरी नेतो."

मंडळात बातमी पसरायला एक दिवस लागला. डुकराला न घाबरणारी दोन माणसं आमच्यात सापडतील, पण केस घाड्याकडे जातायत म्हटल्यावर अंधेरीपर्यंत सगळे टोपी घालून बसले. चंद्रप्रकाशचा फोन आला, "काका, माझा विश्वास नाही ह्या गोष्टींवर. पण बायको, मीरा, ऐकत नाही. आमचे केस नकोत." काठी घेऊन जा म्हणणारी सगळी माणसं केसाला नाही म्हणाली.

बाळला राग यायला हवा होता. तो हसत सुटला. त्यानं रविवारी मंडळाची सभा बोलावली, पोतं घेऊन आला. आधी टोपी काढून स्वतःचं डोकं सगळ्यांदेखत मशिननं गोटा करून घेतलं आणि केस पोत्यात टाकले. मग माझं. मग वेगवेगळ्या सलूनमधून आणलेल्या पिशव्या त्यात रिकाम्या केल्या आणि हातानं ढवळलं.

"करणी एका माणसाच्या केसावर करतात," तो म्हणाला. "पोतंभर मुलुंडवर करता येत नाही."

लोक हसले आणि सुटले. प्रीतम उठला, मग चैतन्य, मग एकेक. चंद्रप्रकाश बायकोकडे बघत बघत शेवटी बसला.

पोती घेऊन जायच्या वेळी सुबोधनं गुढीपाडव्याला लागून दोन दिवस रजा काढली. मीही गेलो. शेतावर बाळनं केस सगळीकडे उधळले नाहीत. करवंदीकडच्या तोंडावर जाड थर, वहाळाच्या अंगाला पातळ. "वारा कुठनं आहे सांग," त्यानं मुलाला विचारलं. सुबोधनं मोबाईल काढला. बाळनं तो खिशात परत ठेवायला लावला आणि पातेऱ्यातलं एक वाळकं पान हवेत सोडलं. बाप-लेक दुपारपर्यंत तिथे होते. मी आंब्याखाली झोपलो, त्यामुळे काय बोलले ते मला माहीत नाही.

एप्रिल संपता संपता सुंदराबाईचा फोन आला. बाळनं स्पीकर चालू केला, आम्ही सगळे हॉलमध्ये होतो.

"भुईमूग काढलो," ती म्हणाली. "अर्ध्याहून थोडो जास्त माझ्या हाताक लागलो. बाकीचो त्यांनी नेलो."

"मग?" बाळनं विचारलं.

"मगे काय? मी दार लावचंय नाय. पुढल्या वर्सासाठी बियाणा ठेवलंय."

श्वेतानं डोळे पुसले. बाळनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून आवाज आला, "आणि आयक. पुढच्या पोत्यात पांढरे केस कमी घाल. डुकरांका कळता, म्हातारे आसत ते."

पुढच्या रविवारी बाळ कॉलेजच्या नाक्यावरच्या सलूनबाहेर पोतं घेऊन उभा होता.